पीएमएफएमई कर्ज आणि मोफत मार्गदर्शन: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

राधानगरी तालुक्यातील आमच्या गावात मी आणि माझ्या जाऊबाई गेली सात वर्षे कांदा-लसूण चटणी करून विकतो. पहिली सहा वर्षे मिरची दुसऱ्याच्या कांडपावर न्यावी लागे. ऐन चैत्रात तिथे एवढी गर्दी असे, की सकाळी ठेवलेले पोते कधीकधी रात्री नऊला हाती येई, आणि आधीच्या गिऱ्हाइकाच्या मसाल्याचा वास आमच्या चटणीला लागे तो वेगळाच. स्वतःचे यंत्र घ्यावे म्हणून प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेतून, म्हणजे ज्या योजनेला सगळे पीएमएफएमई म्हणतात तिच्यातून, मी कर्ज घेतले. पैसे वर्ग होऊन चौदा महिने झाले आहेत. या योजनेत काय खरोखर फुकट मिळते, काय मिळत नाही आणि कुठे हात पोळतात, हे आता अनुभवाने सांगता येईल.

सुरुवातीलाच एक गैरसमज आडवा आला. 2020 साली सुरू झालेल्या या योजनेत ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून कोल्हापूरच्या वाट्याला गूळ आलेला आहे, तेव्हा चटणीवाल्यांनी अर्जच करू नये, असे गावात दोघा-तिघांनी ठामपणे सांगितले. ते खरे नव्हते. आधीपासून चालू असलेल्या अन्नप्रक्रिया व्यवसायाला, तो गुळाचा नसला तरी, यंत्रे वाढवण्यासाठी अर्ज करता येतो. हे आम्हाला जिल्हा संसाधन व्यक्तीने सांगितले.

या संसाधन व्यक्तीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते संपूर्ण योजनेतील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. कृषी विभागाने नेमलेली ही माणसे प्रकल्प अहवाल तयार करण्यापासून बँकेत सोबत येण्यापर्यंत सर्व मदत करतात आणि अर्जदाराकडून एक पैसाही घेत नाहीत. मंजूर झालेल्या प्रकरणामागे त्यांना शासन मानधन देते. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ घरी आले, ओसरीवर बसले आणि त्यांनी आमची वही मागितली. उधारी, मिरचीचे भाव, पाकिटांचा खर्च असे सगळे एकाच वहीत लिहिलेले होते. त्यांनी दोन तास बसून त्यातून महिनावार विक्री वेगळी काढली, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत आमची विक्री निम्म्याहून खाली जाते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यांत दिसले. ड्रायर घ्यायचे त्यातूनच ठरले. आमच्याकडे जून लागला की कांदा वाळत नाही, आणि दमट चटणीचे पाकिटात गोळे होतात. मात्र मानधन मंजुरीवर अवलंबून असल्यामुळे ज्या प्रकरणात सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारी पत, खराब आहे किंवा कागद अपुरे आहेत, तिथे पाठपुरावा ढिला पडतो, असे शेजारच्या गावातील एका भगिनीच्या बाबतीत मी पाहिले आहे. तेव्हा फोन आपणच करत राहावा.

आता पैशाचे. आमचा प्रकल्प 6,00,000 रुपयांचा झाला. त्यात कांडप यंत्र, ड्रायर, कांदा कापायचे यंत्र, पाकीट सीलबंद करायचे यंत्र आणि शेडमधील थोडे काम धरले होते. दहा टक्के, म्हणजे 60,000, आम्ही घातले, आणि बँकेने 5,40,000 कर्ज दिले. अनुदान 35 टक्के, कमाल मर्यादा 10 लाख. आमच्या हिशेबाने ते 2,10,000 होते. हे अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत कर्जाशी जोडलेल्या स्वतंत्र खात्यात तीन वर्षे पडून राहते आणि तोपर्यंत हप्ते नियमित असतील व उद्योग चालू असेल तरच कर्जात वळते होते. जे लोक ‘दोन लाख सुटले’ अशा आनंदात अर्ज करतात, त्यांनी हे आधी समजून घ्यावे. दिलासा एवढाच, की अनुदान जमा झाल्यापासून तेवढ्या रकमेवर बँकेला व्याज लावता येत नाही.

आणि इथेच आम्हाला फटका बसला. पाचव्या महिन्यात अनुदान जमा झाल्याचा संदेश आला, तरी पासबुकात व्याजाची नोंद पूर्वीसारखीच, सुमारे 4,950 रुपयांची, पडत राहिली. आमचा दर 11 टक्के. अनुदान वजा जाता उरलेल्या 3,30,000 वर महिन्याला 3,025 च्या आसपास यायला हवे होते. मी दोन वेळा तोंडी विचारले, दोन्ही वेळा ‘सिस्टीममधून आपोआप होईल’ असे उत्तर मिळाले. लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा पुढच्या आठवड्यात दोन महिन्यांचे जादा व्याज परत आले. याच शाखेने आधी मुदत ठेव तारण मागितली होती. सूक्ष्म उद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. संसाधन व्यक्तीने तो मांडल्यावर विषय संपला. एकटी गेले असते तर मी ठेव ठेवून आले असते.

सगळ्यांत मोठी उणीव खेळत्या भांडवलाची आहे. योजना यंत्राला पैसे देते, मिरचीला नाही. आमचा वर्षाचा माल फेब्रुवारी ते एप्रिल या काळात भरावा लागतो. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरची चांगली आली की त्याच दिवशी रोख मोजावी लागते. नवे यंत्र आणले आणि पहिल्याच हंगामात त्यात घालायला पुरेशी मिरची नव्हती, अशी आमची गत झाली. शेवटी मुद्रा योजनेतून किशोर गटातले वेगळे कर्ज काढले. हे दोन्ही अर्ज एकाच वेळी करायला हवे होते.

प्रशिक्षण मात्र निखळ मोफत आहे. बँक ऑफ इंडियाच्या स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्थेत मी पापड, लोणचे व मसाल्याचे दहा दिवसांचे प्रशिक्षण घेतले; राहणे-जेवण धरून काही खर्च नाही. पाककृती आमच्याकडे होत्याच. लेबलवर काय छापायचे, वजन-किंमत कशी ठरवायची आणि स्वतःची मजुरी खर्चात कशी धरायची, हे तिथे शिकले. तिसरी गोष्ट आम्ही सहा वर्षे केलीच नव्हती.

उद्यम नोंदणीविषयी, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीविषयी, मात्र स्वतःचाच राग येतो. ही नोंदणी 2020 पासून पूर्णपणे निःशुल्क आहे. आधार आणि पॅन एवढ्यावर होते. तालुक्याच्या गावातील एका केंद्रात मी तिचे 1,500 रुपये मोजले, आणि अन्नसुरक्षा नोंदणीचे, जिचे सरकारी शुल्क तेव्हा वर्षाला 100 रुपये होते, आणखी 2,000. पावती कशाचीच नाही.

योजनेत एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, पण कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि मुले. त्यामुळे जाऊबाई स्वतंत्र अर्ज करू शकतात. त्यांना शेंगदाणा चटणी आणि मेतकूट वेगळे सुरू करायचे आहे. त्यांची उद्यम नोंदणी गेल्या रविवारी पुतणीने मोबाईलवर वीस मिनिटांत करून दिली, आणि शेंगा भरण्यासाठीचा मुद्रेचा अर्ज यंत्राच्या अर्जासोबतच शाखेत गेला आहे.