14,000 रुपयांचं 'ओरिजिनल' पेट्रोल मीटर

आकडे आधी. आगाऊ 2,500, 'ओरिजिनल' मीटरचे 9,800, फिटिंगचे 1,700. एकूण 14,000. बिल नाही. खरा दोष निघाला 60 रुपयांचा.

गाडी 1974 ची फियाट. काटा कधी तळाला, कधी मध्येच, खड्डा आला की नाचायचा. नाचणारा काटा म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी) ढिलं, मीटर नव्हे. हे मला माहीत होतं, म्हणून तर जास्त झोंबतं. तुर्भ्याच्या गॅरेजवाल्याने काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि निकाल दिला, "कॉइल जळालंय साहेब. विंटेज गाडीला पार्टही विंटेजच लागतो." टाकीकडे फिरकलाही नाही! मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, हातात धरला नाही. तिथेच चावी परत घ्यायला हवी होती. पण चार दिवसांवर भाचीचं लग्न, नवरीला याच गाडीतून न्यायचं कबूल केलेलं, आणि माणूस असा गोड की घरचाच वाटावा. त्या घाईत भलेभले फसले असते.

मीटर तपासायला दहा मिनिटं लागतात. मीटरमागची सेंडरची (टाकीतल्या पेट्रोलची पातळी मीटरला कळवणाऱ्या भागाची) वायर काढा, स्विच ऑन करा आणि तो पॉइंट दोन-तीन सेकंद बॉडीला जोडा. काटा एका टोकाला आणि सोडल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर ठणठणीत आहे. स्विचकडून येणाऱ्या वायरला चुकून अर्थ दिलात तर फ्यूज उडेल. ठिणगीची कामं टाकीपाशी नकोतच. मग बॅटरीची वायर काढून सेंडर बाहेर घ्या, ओहमवर मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू फिरवा. आकडा सलग बदलला पाहिजे; मध्येच तुटला तर आतली तार झिजलीय. दांडीच्या टोकाचा पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा डबा, कानाशी हलवा, आत पेट्रोल खुळखुळलं तर त्याला भोक आहे. बसवताना जुनी कॉर्कची गॅस्केट परत लावू नका, टाकी भरली की वास गाडीत येतो.

माझं सेंडर, फ्लोट सगळं धड होतं. फक्त टाकीच्या बोल्टखाली गंज, त्यामुळे अर्थ नीट मिळत नव्हता. मीटरभर वायर, दोन रिंग टर्मिनल, सेंडरच्या स्क्रूपासून घासून चकचकीत केलेल्या बॉडीपर्यंत अर्थ. काटा गपगार.

आणि ते 9,800 चं मीटर? खोलून पाहिलं तर मागच्या पॉइंटशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका. वायर ओळखायला मीच कधीतरी लावलेला! माझंच मीटर, काच पुसून. पार्ट देण्याआधी अशी खूण कराच, फोटोही काढा, आणि जुना पार्ट परत मिळाल्याशिवाय दमडी देऊ नका.

पोलिसांत तक्रारीला गेलो तर ठाणे शहरातले पोलीस म्हणे, गॅरेज नवी मुंबईत आहे, तिकडे जा. तिकडे म्हणे, पैसे ठाणे शहरातून पाठवलेत. ऐरोलीच्या पुलावरून दोन फेऱ्या झाल्या. मग "हा दिवाणी मामला". दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात) असेल तर हद्द न बघता माहिती नोंदवून घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं. मी ते म्हणून दाखवलं, तर समोरच्याने चहा मागवला, स्वतःपुरता. वर सल्ला, "एवढी जुनी गाडी ठेवायचीच कशाला?" पैसे ज्या खात्यात गेले ते कोणा तिसऱ्याच्याच नावावर, स्कॅन करताना नाव वाचलं होतं, तरी पुढचं बटण दाबलं.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत 2 वर्षांची. पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि त्या लाल ठिपक्याचा फोटो जोडून अर्ज भरलाय.