नॅप्रोक्सेन + इसोमेप्राझोल जोडगोळी: पोट सांभाळते, पण कुठपर्यंत?

संधिवातासाठी महिनोन्‌महिने नॅप्रोक्सेन ही वेदनाशामक गोळी घ्यावी लागते आणि वय पासष्टीपुढचं आहे किंवा आधी अल्सर होऊन गेलाय, अशांसाठी ही जोडगोळी कामाची. आज दुखतंय, आज थांबायला हवं, त्यासाठी नाही.

बाहेरच्या थरातलं २० मिग्रॅ इसोमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) जठरात लगेच सुटतं. आतलं ३७५ किंवा ५०० मिग्रॅ नॅप्रोक्सेन अशा आवरणात असतं, जे पीएच (आम्लतेचं माप; आकडा जास्त तितकं आम्ल कमी) ५.५ च्या वर गेल्याशिवाय विरघळत नाही. साहजिकच आराम उशिरा पडतो. दिवसातून दोनदा, जेवणाआधी किमान अर्धा तास, अख्खी गिळायची. अर्धी करून घेतली की सगळी रचनाच मोडली.

नुसत्या आवरणाच्या वेदनाशामक गोळ्या ‘पोटाला सौम्य’ म्हणून खपतात, त्यावर मात्र विसंबू नये. औषध रक्तात गेल्यावर कॉक्स-१ हे एन्झाइम रोखतं. त्याने प्रोस्टाग्लँडिन हे जठराचं रक्षण करणारं रसायन घटतं, मग जठराच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर, बायकार्बोनेट आणि तिथला रक्तपुरवठा, तिन्ही कमी पडतात. म्हणूनच इंजेक्शन किंवा गुदमार्गे दिलेल्या औषधानेही जठरात अल्सर होतो. जोडगोळीचा खरा फायदा आवरणाचा नाही, आम्ल कमी होण्याचा आहे.

आता खटकणारं. दोन गोळ्यांतून रोज ४० मिग्रॅ इसोमेप्राझोल जातं. अल्सर टाळायला बहुतेकांना २० पुरतं. सुटी नॅप्रोक्सेन आणि नाश्त्याआधी एक पीपीआय (इसोमेप्राझोलच्या गटातलं आम्ल कमी करणारं औषध) घेतलं तरी तेच साधतं, शिवाय डोस कमी-जास्त करता येतो. जोडगोळीची सोय एवढीच, की पोटाची गोळी विसरली असं होत नाही. (ती विसरणारे पुष्कळ असतात.) क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) चालू असेल तर इसोमेप्राझोल टाळावं, क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. सोबत रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टिरॉइड असेल, तर या संरक्षणानंतरही धोका उरतोच.

लहान आतड्याला पीपीआय वाचवत नाही. तिथून थोडं थोडं रक्त जात राहतं, पोट दुखत नाही आणि हिमोग्लोबिन उतरतं. त्यामुळे अधूनमधून रक्त तपासावं. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं झालं तर गोळी बंद आणि थेट रुग्णालय. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण तो चिकटपणा आणि वास नसतो. मूत्रपिंड आणि हृदयावरचा नॅप्रोक्सेनचा परिणाम या जोडीने तसूभरही कमी होत नाही.