मडगाव स्टेशनबाहेर घेतलेला ‘४१६’ आणि गेलेले ३५,००० रुपये

मडगावला सेकंडहँड घेतलेला माझा ४१६ माइक नकली निघाला. ‘एवढंही कळलं नाही?’ असं विचारणाऱ्यांनी जरा थांबावं. कळत होतं, म्हणूनच जास्त राग येतो.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरत्या, म्हणजे घुमट या गोव्याच्या मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्या, रेकॉर्ड करायच्या होत्या, नंतर एका लघुपटाचे संवाद. घुमटावर जोरात थाप पडली की साध्या रेकॉर्डरवर आवाज फाटतो. लेव्हल खाली घेतली तर गाणारा ऐकू येत नाही. म्हणून ३२-बिट फ्लोटवाला (मोठा-बारीक दोन्ही आवाज न फाटता टिपणारा) झूम एफ३ रेकॉर्डर मी आधीच पक्का केला होता. दोन एक्सएलआर (व्यावसायिक माइकच्या केबलचे) इनपुट, गेन म्हणजे आवाजाची पातळी लावायची भानगडच नाही, आणि प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) एकदम शांत. त्याच्या स्वतःच्या खरखरीचा उणे १२७ डीबीयू हा आकडा (जितका खाली तितका शांत) मला पाठ होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सेकंडहँड सामानाच्या जाहिरातीत एफ३ १७,५०० ला आणि सोबत सेनहायझरचा एमकेएच ४१६ शॉटगन माइक (समोरचाच आवाज पकडणारा लांबट माइक) ३५,००० ला. एकूण ५२,५००. नवा ४१६ या पैशांत मिळत नाही हे मलाही माहीत आहे. पण शूटसाठी आलेली माणसं जाताना सामान विकतात, हे गोव्यात आपण बघतोच. विकणारा माणूस मराठी बोलणारा, बूम, डेडकॅट, टाइमकोड असे साउंडवाल्यांचे शब्द सगळे तोंडावर. ‘दादा, विमानात सामान जास्त होतंय, नाहीतर विकलाच नसता.’ २,५०० टोकन यूपीआयने पाठवले. नाव भलत्याच बाईचं आलं. ‘बायकोचं खातं आहे.’ बरं. माझ्याही घरी तसंच चालतं.

भेट मडगाव स्टेशनबाहेर ठरली. जागा त्यानेच ठरवली होती. रिक्षा, उद्घोषणा, वर पत्र्यावर पाऊस. हेडफोन लावला तर मागे बारीक ‘स्स्स’ चालू. मी विचारलं. तो म्हणाला, ‘तो रेकॉर्डरच्या प्रीअँपचा आवाज, छोट्या मशीनला येतोच.’

आणि मी मान डोलावली! ज्या रेकॉर्डरचा प्रीअँप शांत म्हणून तो निवडला, त्याच्यावर ढकललेलं खापर मी मुकाट ऐकून घेतलं. तिथंच केबल काढून इनपुट मोकळा ऐकला असता तर ‘स्स्स’ कुठून येतोय ते लगेच कळलं असतं. पण त्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येणार? तुम्ही उभे राहून बघा. वर त्याची गाडी सुटत होती म्हणे. ३०,००० यूपीआय, २०,००० रोख, संपला व्यवहार.

जुना माइक गोंगाटात कधीही विकत घेऊ नका. गाडीच्या काचा वर करून बसा, एसी बंद करा, मग ऐका.

खोटेपणा उघडा पडला तो फोंड्याकडच्या एका घरात, तालमीला. पाऊस थांबून सगळं दमट झालेलं, आणि माइक कढईतल्या मोहरीसारखा तडतडायला लागला. खरा ४१६ आरएफ (रेडिओ-फ्रीक्वेन्सी) पद्धतीवर चालतो, दमट हवेत टिकतो म्हणून तर लोक तो घेतात. पणजीतल्या मित्राच्या खऱ्या माइकशेजारी लावला, तेव्हा फरक बहिऱ्यालाही कळला असता. शेवटी उघडला. आत नखाएवढी स्वस्त कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग), दोन केसासारख्या तारा आणि वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी. बाहेरची अक्षरं मात्र सुरेख! एफ३ खरा निघाला. तो आमिष म्हणूनच होता.

(तसंही बंद खोलीत शॉटगन फारसा कामाचा नाही, भिंतींवरून परतणारा आवाज विचित्र पकडतो. घुमटासाठी साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) कंडेन्सर माइक घ्या. हे मला आधी कोणी सांगितलं नाही.)

आता पोलिस. पहिल्या ठाण्यात हवालदार म्हणाला, ‘मायक चलता न्हय? मागीर फटयलो कसो?’ (माइक चालतो ना? मग फसवलं कसं?) दुसरीकडे सांगितलं, पैसे ऑनलाइन गेले, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस प्रत्यक्ष भेटला, हा सायबर गुन्हा नव्हे. मग वाद निघाला की व्यवहार रेल्वेच्या हद्दीत झाला की पार्किंगच्या बाहेर. मी तिथल्या झाडाची खूण सांगत बसलो! हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार) घ्यावाच लागतो, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये आहे. फसवणुकीचं जुनं ४२० आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) ३१८ झालंय, तेही मीच त्यांना सांगितलं. उत्तर काय, तर ‘तुम्ही वकील का?’ बँकेत तर बोलायलाच नको. पिन तुम्हीच टाकला ना, विषय संपला. रोख दिलेल्या २०,००० चा तर पुरावाच नाही म्हणाले. सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर, की चूक माझी.

यूपीआयवर नाव वेगळं दिसलं की तिथंच थांबा, बायको असो की मेव्हणी. रोख देऊ नका. सीरियल नंबरचा फोटो आधी मागवून अधिकृत विक्रेत्याला दाखवा. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पुढच्या खात्यांत सरकले की संपलं. मला कळलं तोवर कधीच सरकले होते.

त्याच फोटोंची जाहिरात परवा पुन्हा दिसली, माइक आता ३१,००० ला. लिंक लगेच ठाण्यात पाठवली. उत्तर आलं, अर्ज प्रत्यक्ष आणून द्या, दोन प्रतींत.