गाविलगड बघायचा तर एसटीनं जा आणि पायी फिरा

एसटीनं जायचं आणि दिवसभर मनसोक्त पायी फिरायचं अशी जागा विदर्भात कोणती, असं कोणी विचारलं की मी पहिलं नाव गाविलगडाचंच घेते. परतवाड्याहून चिखलदऱ्याची एसटी पकडायची, चिखलदऱ्याच्या स्टँडवर उतरायचं आणि तिथून दोनेक किलोमीटर चालत गडावर, बस एवढंच. स्वतःची गाडी नको, ड्रायव्हर नको, कोणाच्या मागं लागायला नको. पाचपैकी पाच देते मी या सफरीला, आणि विचार करून देते.

आधी एसटीचं सांगते. अमरावतीहून चिखलदरा ८०-८५ किलोमीटर पडतं, वाटेत परतवाडा, आणि परतवाड्याहून पुढं तीसेक किलोमीटर. रेल्वेनं येणाऱ्यांनी बडनेरा नाहीतर अमरावतीला उतरायचं आणि एसटी धरायची. परतवाड्यापर्यंत सगळं सपाट, पऱ्हाटी, तूर, संत्र्याचे बगीचे, आणि मग धामणगाव गढी गेलं की गाडी एकदम डोंगराला लागते. घाटात वळणं लय आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटा धराव्या आणि निघताना पोटभर खाऊ नये. पण खिडकी मिळाली ना तर असा प्रवास नाही बाप्पा! खालचं अख्खं वऱ्हाड हळूहळू पसरत जातं, हवा बदलते, सागाची झाडं सुरू होतात, आणि एसटीचा ड्रायव्हर त्या वळणांवरून एवढी मोठी गाडी ज्या सफाईनं काढतो ते बघून मला दरवेळी त्याला नमस्कार करावासा वाटतो. चारचाकीत चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर आणि बाकीच्यांचं मोबाइलवर, घाट कोणी बघतच नाही.

गाडीत सोबत कोण असतं तेही सांगते, बाजार करून परत चाललेली कोरकू, म्हणजे मेळघाटातली आदिवासी माणसं, तेलाचे डबे, पिशव्या, मांडीवर लेकरं. त्यांना विचारा कुठं पाणी आहे, कोणती वाट मोडली आहे, जंगलात सध्या कुठं जाऊ नये, सगळं नीट सांगतात. एका कंडक्टर ताईंनी तर आम्हाला स्टँड यायच्या आधीच सांगून ठेवलं, "गडावर पायी जाता ना? मंग पाणी इथूनच भरून घ्या, वर काई भेटत नाई." लाख मोलाची गोष्ट होती ती. आणि २०२३ च्या मार्चपासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर फुकट. आमच्या ग्रुपमधल्या दोघी अशा आहेत की घरातून कोणी गाडी काढून दिल्याशिवाय कुठं गेल्याच नव्हत्या, आता त्याच सगळ्यात आधी विचारतात की पुढं कुठं जायचं.

आता गड. चिखलदरा म्हणजे १,१०० मीटरच्या आसपास उंचीचं गाव, विदर्भातलं एकुलतं थंड हवेचं ठिकाण, भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं ती कीचकदरा इथलीच असं सांगतात. लोक काय करतात, गाडीतून पाच पॉइंट बघतात, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, फोटो, मक्याचं कणीस, चला. गडाच्या दरवाजापर्यंत येतात आणि तिथूनच परत फिरतात. अरे, गड तर तिथून सुरू होतो! आत किती मोठा पसारा आहे याचा त्यांना पत्ताच लागत नाही.

गाविलगड पायी गेल्याशिवाय कळत नाही हे मी म्हणते त्याला कारण आहे. दक्षिणेकडं, म्हणजे मैदानाच्या बाजूला, सरळ तुटलेले कडे आहेत, तिकडून वर येणं म्हणजे जिवाशी खेळ. उत्तरेला मात्र गड एका चिंचोळ्या पट्ट्यानं पठाराला जोडलेला आहे, आणि आपण चिखलदऱ्याहून चालत जातो ते याच बाजूनं. १८०३ मध्ये इंग्रज आणि नागपूरकर भोसल्यांची अडगावला लढाई झाल्यावर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली इथं आला तेव्हा त्याचं सैन्य दोन भागांत होतं, तो स्वतः दक्षिणेला खाली थांबला आणि कर्नल स्टीव्हन्सन मोठ्या तोफा घेऊन डोंगरातून रस्ता काढत उत्तरेला आला. त्या चढावरून तोफा ओढून आणल्या माणसांनी आणि बैलांनी! आपल्याला पाठीवर दोन बाटल्या पाणी घेऊन धाप लागते. १५ डिसेंबर १८०३ ला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून फौज आत घुसली, पण आत गेल्यावर कळतं की पुढं आणखी एक दरी आहे आणि तिच्या पलीकडं आतला किल्ला, त्याला वेगळा तट. शेवटी शिड्या लावून तट चढले आणि आतून दरवाजा उघडला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, नागपूरच्या रघूजी भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क गेला. बाहेरचा तट ओलांडून त्या मधल्या दरीत उतरताना आणि परत चढताना हे सगळं जसं समजतं तसं पुस्तकातून मला कधीच समजलं नव्हतं.

बांधकाम त्याच्याही आधीचं. १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहानं हा गड बांधला, पुढं फतहुल्ला इमादुल्मुल्क, ज्यानं वऱ्हाडची इमादशाही सुरू केली, त्यानं १४८८ मध्ये दुरुस्ती करून तो आणखी मजबूत केला. त्याच्याही आधी इथं गवळ्यांची गढी होती आणि त्यावरूनच नाव पडलं असं मानतात. शार्दूल दरवाजाशी नक्की थांबा आणि मान वर करून नीट बघा, दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, कोरलेला आहे, पंजात हत्ती धरलेले. फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लढाईत पकडून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा, म्हणून तिकडचा गंडभेरुंड इकडं वऱ्हाडच्या डोंगरावर आला असं अभ्यासक सांगतात. मी तिथं किती वेळ उभी होते मला आठवत नाही. आत बडी मशीद आहे, उंचावर, अर्धी पडकी, पण कमानी अजून काय डौलात उभ्या आहेत! तलाव आहेत, तटावर पडलेल्या मोठमोठ्या तोफा आहेत. तोफांवर चढून फोटो काढणाऱ्या पोरांना आम्ही हटकलं तर ऐकलं त्यांनी, सगळ्यांनीच हटकायला पाहिजे.

कधी जावं? पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला इथं धुकं एवढं की दहा पावलांवरचं दिसत नाही आणि दगड शेवाळलेले, तेव्हा गड सोडून द्या, त्या दिवसांत भीमकुंडाचा धबधबा आणि देवी पॉइंट बघा, खडकाच्या कपारीत देवीचं ठाणं आहे, वरून सारखं पाणी झिरपतं. गडासाठी ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी उत्तम. तेव्हा गवत कमरेएवढं असतं, म्हणून बूट आणि फुल पँट घालाच, काठीही ठेवा. आजूबाजूला मेळघाटचं जंगल आहे, व्याघ्र प्रकल्पाच्या अगदी पहिल्या तुकडीतलं, १९७३-७४ पासूनचं, त्यामुळं वनखात्याची माणसं जी वेळ सांगतील ती पाळायची, वाट सोडून आत घुसायचं नाही, एकट्यानं तर नाहीच. वैराट या पट्ट्यातलं सगळ्यात उंच टोक, पण ते जंगलाच्या आत आहे, तिथं मनानं पायी निघायचं नाही, आधी वनखात्याकडं चौकशी करायची.

खाण्याचं एक सांगते. इथली रबडी खाल्ल्याशिवाय येऊ नका, गवळ्यांच्या घरची, दाट, थोडी धुराचा वास असलेली. जेवायला मात्र एका हॉटेलात आम्ही फसलो, नाव नाही घेत, थंड पोळ्या आणि पर्यटक बघून लावलेला भाव, त्यापेक्षा घरून भाकर, ठेचा, कांदा बांधून न्यावा आणि मशिदीच्या सावलीपासून जरा लांब, झाडाखाली बसून खावा. पन्नी, बाटल्या परत बॅगेत. गडावर जागोजागी पन्न्या अडकलेल्या बघून खरंच जीव तुटतो.

ज्यांचा एवढ्या चढउताराचा जोर नाही त्यांनी मोर्शीहून महादेवाचं सालबर्डी करावं, महाशिवरात्रीला तिथं जादा गाड्या सोडतात पण गर्दी फार, एरवी जाणं बरं. नाहीतर परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्यानं खरपी गाठून मुक्तागिरी, डोंगरात ५२ जैन मंदिरं आणि मधून कोसळणारा धबधबा, पायऱ्या बांधलेल्या आहेत त्यामुळं वयस्कर माणसंही सावकाश चढतात.

परतीचं सगळ्यात महत्त्वाचं. चिखलदऱ्याला उतरल्या उतरल्या, चहाच्याही आधी, चौकशीच्या खिडकीवर शेवटच्या गाडीची वेळ विचारा, इंटरनेटवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका. त्या वेळेच्या दीड तास आधी गडाच्या दरवाजातून बाहेर पडायचं असा हिशोब ठेवा, कारण परतीचा रस्ता दमलेल्या पायांना लांब वाटतो आणि सुट्टीच्या दिवशी शेवटच्या गाडीला जागा मिळत नाही. जमलं तर शेवटची नाही, तिच्या आधीचीच धरा.