उंदराच्या बिळातले भुंगेरे आणि दहापटीचं भिंग

दिवाळीआधी कापणी उरकली आणि मळ्याच्या मेरेवरची उंदरांची बिळं उकरायला घेतली. आत लोंब्यांचा साठा होताच, पण खालच्या कोंड्यातून काळे भुंगेरे भराभर पळाले. सात डबीत धरले आणि त्यांच्यासाठीच हे तीन काचांचं, घडी होणारं भिंग मागवलं. साडेआठशे रुपये पडले.

पैसे वसूल झाले. आधी 'तीसपट' म्हणून एक स्वस्तातलं घेतलं होतं. तेवढ्या पटीला किडा काचेला जवळजवळ टेकवावा लागतो आणि आपल्याच डोक्याची सावली पडते. दहापटीला साधारण अडीच सेंटीमीटर अंतर मिळतं, उजेड आत येतो.

भुंगेरा आधी उताणा करा. कॅरॅबिडी, म्हणजे ग्राउंड बीटलच्या कुळात, मागच्या पायाचं बूड पोटाच्या पहिल्या वळ्याला मधोमध छेदून मागे जातं. हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं! मग पावलाचे सांधे मोजा. तिन्ही जोड्यांना पाच-पाच हवेत. माझ्या सातांपैकी तिघांच्या मागच्या पावलात चारच भरले. ते टेनेब्रिओनिडी, पिठातल्या तांबड्या किड्याचे भाऊबंद. उरलेल्या चौघांच्या पुढच्या नडगीला मिशा साफ करायची खाचही दिसली.

प्रजाती मात्र या भिंगाने ठरत नाही. डोळ्याच्या वरच्या बाजूला राठ केस एक की दोन, हे पाहावं लागतं; केस झडला असेल तर त्याचा खड्डा शोधताना दहापट कमी पडते. युरोपात सशा-उंदरांच्या बिळांत राहणाऱ्या लेमोस्टेनस या ग्राउंड बीटलचे फोटो पाहून आपल्याकडच्या किड्याला नाव देऊ नये. शिवाय चौघांसारखेच दोन मला मेरेच्या दगडाखालीही सापडले, त्यामुळे ते बिळातलेच रहिवासी असं मी म्हणणार नाही. डबीवर कुळ, जागा आणि तारीख एवढंच लिहिलंय.

तक्रार एकच, पण मोठी. आमचं घर खाडीकाठी. श्रावणापर्यंत बिजागरीचा स्क्रू गंजला आणि काचेच्या कडेला बुरशी धरली. विक्रेत्याने उत्तरही दिलं नाही. आता भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आहे का, हे विचारूनच घ्यावं.

आणि बिळात हात घालू नका. फुरसं असू शकतं, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. रबरी हातमोजे घाला, माती फावड्याने पांढऱ्या कापडावर ओढा आणि मग भिंग काढा.