शेवटची दीड पानं

मुलांसाठी पहिली कादंबरी लिहून प्रकाशक शोधत असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझे ५८,००० रुपये गेले, आणि पुस्तक मुलांच्या हातात गेलंच नाही. दुसरी गोष्ट मला जास्त लागली आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं आणि मगरी थेट वस्त्यांमध्ये आल्या, हे इथे सगळ्यांना आठवत असेल. त्या पुरातून गोष्ट सुचली. दहा वर्षांची मुलगी, जुन्या वावेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पायऱ्यांवर अडकलेलं मगरीचं पिल्लू, आणि वनखात्याची माणसं येईपर्यंतची एक रात्र. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी, साधारण २१,००० शब्द. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी लहानपणी तासन्‌तास बसत असे. सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेलं ते ग्रंथालय. तिथल्या कपाटात आपलंही एक पुस्तक असावं, एवढीच इच्छा होती.

पुण्या-मुंबईच्या तीन प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं. दोघांनी काही महिन्यांनी नकार कळवला, तिसऱ्याचं उत्तर आलं नाही. बडोद्यात मराठी बोलणारी घरं पुष्कळ, पण मराठी पुस्तक काढलेलं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं, त्यामुळे विचारायचं कुणाला? अशात फेसबुकवर जाहिरात दिसली, 'नवोदित बालसाहित्यिकांना संधी'. पाठवल्यावर चौथ्या दिवशी स्वीकृतीपत्र आलं.

ते पत्र मी देवापुढे ठेवलं होतं. आज वाचते तेव्हा पहिल्याच ओळीला थांबते: 'आपल्या नायकाचा धाडसी स्वभाव बालवाचकांना नक्कीच भावेल.' माझ्या गोष्टीत नायक नाही, मुलगी आहे. पहिल्या वाक्यात तिचं नाव आहे. नऊ ओळींच्या त्या पत्रात मगर नाही, नदी नाही, पूर नाही. हे पत्र कुठल्याही पुस्तकाला चाललं असतं. आमच्या ह्यांनी त्याच संध्याकाळी विचारलं होतं, "अगं, पण त्यांनी वाचलंय का?" मी त्यांच्यावरच चिडले. तुमच्या घरातलं कुणी असं विचारलं तर कृपा करून चिडू नका.

मग फोन सुरू झाले. "मॅडम, मिडल ग्रेडला, म्हणजे आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकांना, सध्या फार डिमांड आहे, आणि मराठीत लिहिणारे आहेत कुठे?" पॅकेज ५८,००० चं. त्यात मुखपृष्ठ, आतली चित्रं, मुद्रितशोधन, ५०० प्रती, शाळांमध्ये वितरण, आणि आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, म्हणून ४,५०० रुपये. आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था तो देते आणि लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. हे मला पैसे भरल्यानंतर कळलं.

करारही घाईत केला. नऊ पानं, बारीक अक्षर, आणि "आज सही झाली तर या महिन्याच्या स्लॉटमध्ये बसतं." सहाव्या पानावर लिहिलं होतं की सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले हक्क कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत त्यांचे. म्हणजे मी जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं. कायद्यानुसार, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. इथे ती लिहिली होती आणि खाली माझी सही होती.

सात महिन्यांनी खोकं आलं. चाळीस प्रती. बाकीच्या "मागणीनुसार छापू", आणि मला आणखी हव्या असतील तर सवलतीत विकत घ्याव्या लागणार. शाळांचं विचारलं तर यादी पाठवतो म्हणाले. ती यादी आजवर आलेली नाही.

पुस्तक उघडलं आणि पोटात गोळा आला. लहान मुलांना वाचायला सोपं जावं म्हणून १४ पॉइंटचा टाइप ठरला होता. त्यांनी १२ चा घेऊन ११२ पानांचं पुस्तक ८० पानांत बसवलं होतं, म्हणजे छपाईचे दोन फॉर्म वाचवले; एका फॉर्ममध्ये सोळा पानं बसतात. फॉन्ट बदलताना 'ऱ्या' तुटला होता. वावेची गोष्ट, त्यामुळे पानापानावर पायऱ्या, आणि प्रत्येक ठिकाणी 'पाय', मग एक रिकामा चौकोन, मग 'या'. मुद्रितशोधनाचे पैसे पॅकेजमध्ये घेतले होते.

तरी मी एक प्रत भावाच्या नातीला दिली. ती चौथीत आहे. दोन दिवसांनी तिचा फोन आला, "आजी, पिल्लू नदीत गेलं की नाही? पुढचं पान कुठंय?" मी ऐंशीवं पान काढलं. वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं. शेवटची दीड पानं छापलीच नव्हती.

मी तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, "दुसऱ्या आवृत्तीत बघू." त्याच फोनवर १२,००० रुपये भरले तर बालसाहित्याचा पुरस्कार मिळवून देतो, असंही सांगितलं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. त्यात लेखकाला ५०,००० रुपये मिळतात, भरावे लागत नाहीत. त्या दिवशी माझे डोळे उघडले.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. पण मग सरळ छापखान्यात जा, फॉर्मच्या हिशेबाने दर लेखी घ्या, डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, हातात धरून शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि हक्क स्वतःकडे ठेवा. पैसे दिलेच असतील तर पावत्या, यूपीआयच्या नोंदी, चॅट, काहीच पुसू नका. मला त्यांचाच उपयोग झाला. वकिलांची नोटीस गेल्यावर हक्क सोडल्याचं पत्र आलं. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. कंपनी दुसऱ्या शहरातली असली तरी आपण राहतो तिथे तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

शेवटची दीड पानं मी घरी टाइप करून, झेरॉक्स काढून उरलेल्या प्रतींना आतून चिकटवली आहेत. 'पायऱ्या' पेनाने दुरुस्त करते आहे, अकरा प्रती झाल्या. कुणाच्या मुलाकडे आधीची प्रत असेल तर कळवा, ती पानं पोस्टाने पाठवते.