ब्रिटनची ड्रायव्हिंग टेस्ट: गिअरची गाडी की ऑटोमॅटिक?

आमच्या नागपुरात मिहानमधल्या कंपन्यांतून दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी इंग्लंडला निघतो. मी तिकडे चार वर्षं काढून आलोय हे कळलं की मनीषनगरच्या टपरीवर चहा सांगून तो विचारतो, टेस्ट गिअरच्या गाडीवर द्यायची की ऑटोमॅटिकवर? विचारणारा पंधरा-वीस वर्षं गाडी चालवलेला असतो. उत्तर त्याचं ठरलेलंच असतं, फक्त होकार पाहिजे असतो. मीही असाच होतो.

टेस्ट काही टळत नाही. जपान, ऑस्ट्रेलिया, सिंगापूरचं लायसन्स तिथे बदलून मिळतं, आपलं मिळत नाही. राहायला गेल्यापासून १२ महिने आपल्या लायसन्सवर चालवा, पुढे मात्र तिथली परीक्षा. थिअरीत ५० पैकी ४३ लागतात, वाचलं की येतात, त्यात काही दम नाही.

व्यवहार पाहिला तर सगळं पारडं गिअरकडे. गिअरवर पास झालात तर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात. ऑटोमॅटिकवर पास झालात तर फक्त ऑटोमॅटिक. गिअरचे शिकवणारे जास्त, मला तासाला पाच पौंड स्वस्तही पडले. त्यात गाडी तिथेही डावीकडूनच चालते, गिअर डाव्याच हाताला. मग मी गिअर घेतला, यात नवल ते काय!

माझं घोडं अडलं न्यूट्रलपाशी.

व्हरायटी चौकाचा सिग्नल लांबून लाल दिसला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि पेट्रोल वाचवत घरंगळत न्यायची, ही बाबांची शिकवण. वीस वर्षांनी हात आपोआप जातो, विचारत नाही. तिथे याला कोस्टिंग म्हणतात आणि चूक धरतात, कारण इंजिनाची ओढ सुटली की गाडीवरचा ताबा कमी होतो. शिकवणाऱ्यानं पहिल्याच तासाला सांगितलं, मी मान डोलावली, आणि पुढच्याच सिग्नलला हात गेला. दहा तास झाले तरी जायचा. मग माझं सगळं लक्ष त्या डाव्या हातावर.

आणि परीक्षक पाहतो आरसे. आपल्याकडे मागचा माणूस हॉर्न वाजवून स्वतःच वर्दी देतो, तेव्हा आरशाचं काम कानच करतात. तिथे मागचा गप्प असतो. वळायच्या आधी, वेग कमी करायच्या आधी आरसा पाहायचा, आणि शेजारच्याला कळेल असा पाहायचा. नुसती बुबुळं फिरवून भागत नाही.

पहिल्या टेस्टला एका मोठ्या राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, हात न्यूट्रलकडे गेला. तो मी ओढून परत आणला, दुसरा गिअर टाकला, आणि या गडबडीत डावा आरसा न पाहताच बाहेर पडलो. शेजारी गाडी होती. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, माझ्या सहाच होत्या. पण नापास व्हायला गंभीर चूक एकच पुरते. चढाचंही तसंच. नागपूरकराला चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, नाहीतर उड्डाणपूल. तिथल्या चढाच्या गल्लीत, पाठीमागे गाडी चिकटलेली असताना, हाफ क्लचवर उभं राहताना माझे पाय थरथरले हे आता कबूल करायला हरकत नाही.

१२ महिने संपत आले होते, तेव्हा टेस्टचे ६२ पौंड पुन्हा भरले आणि ऑटोमॅटिक घेतली. पहिल्या तासाला डावा पाय क्लच शोधत होता. तो मागे मुडपून ठेवा, शिकवणारे म्हणाले, ठेवला. दुसऱ्या तासापासून हाताला काही कामच उरलं नाही, आणि डोळे मोकळे झाले. सहा तासांत टेस्ट दिली, तीन किरकोळ चुका, पास.

आता दुसरी बाजूही सांगतो. सरकारी आकड्यांत ऑटोमॅटिकवर पास होणाऱ्यांचं प्रमाण गिअरपेक्षा कमी दिसतं. माझ्या अंदाजानं गाडीचीच धास्ती असलेले नवशिके तिकडे वळत असावेत, पण तो अंदाजच. आमच्या घरातही गिअरवर पहिल्या फटक्यात पास झालेली व्यक्ती आहे, माझी बायको. ती नागपुरात फक्त स्कूटी चालवायची, तिला मोडायला सवयच नव्हती! आणि सुट्टीत युरोपात गाडी भाड्यानं घेणार असाल तर ऑटोमॅटिकला जास्त पैसे मोजावे लागतात, आम्ही मोजले.

पण ‘फक्त ऑटोमॅटिक’ या शिक्क्याची जेवढी भीती घालतात, तेवढी मला कधी बोचली नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना तशीही क्लच नसते. आणि गावी आल्यावर वर्धा रोडवर जुनी गिअरची गाडी मी आपल्याच भारतीय लायसन्सवर चालवतो, ते चालू ठेवलं म्हणजे झालं.

तेव्हा उद्या ऑफिसला जाताना लाल सिग्नलच्या शंभर मीटर आधी डाव्या हाताकडे लक्ष ठेवा. तो जागचा हलला नाही तर खुशाल गिअर घ्या. हलला, तर तिकडे पोचल्या पोचल्या ऑटोमॅटिक शिकवणारा गाठा. ते कमी आहेत, आणि टेस्टची तारीख मिळायला मला साडेचार महिने लागले होते.